शिशातलं उजवं, कागदावरचं डावं

मी चौथी पास. पाचवीत काही महिने बसलो होतो, पण ते मी धरत नाही. एवढ्या शिक्षणावर धुळ्याच्या एका छापखान्यात मी उभा जन्म शिशाचे इंग्रजी खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवले. मराठी जुळवणारे पुष्कळ होते. इंग्रजीचं काम आलं की मालक माझ्याकडेच बघायचे. माझ्या पहिल्या प्रुफात दोन-तीनच्या वर चुका निघत नसत. हे मी फुशारकीनं सांगत नाही, होतं ते सांगतो. आणि फुशारकी वाटली तरी चालेल.

इंग्रजी मला वाचता येत नव्हती. अक्षरं ओळखता येत होती. समोर कॉपी, म्हणजे लिहून आलेला मजकूर, ठेवायची, एकेक अक्षर बघायचं, केसमधल्या, म्हणजे खणांच्या लाकडी पेटीतल्या, त्या घरातून तो खिळा उचलायचा आणि हातातल्या स्टिकमध्ये, लोखंडी पट्टीत, लावायचा. अर्थाशी आपला संबंध नाही. उलट, अर्थ कळणाऱ्या माणसाच्या हातून जास्त चुका होतात, कारण तो डोक्यातलं जुळवतो, कागदावरचं नाही. आमच्या धंद्याचा नियम एकच होता, कॉपीत जसं असेल तसं. लग्नपत्रिकेत बापाचं नाव चुकीचं लिहून आणलं असलं तरी चुकीचंच लावायचं, आणि मग प्रुफावर त्याची सही घ्यायची.

ज्यांनी छापखाना पाहिला नाही त्यांना एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं समजणार नाही. शिशातलं पान आरशात दिसावं तसं उलटं असतं. दगडाच्या टेबलावर पान आवळून ठेवलं की कागदावर जे डाव्या हाताला छापून येणार, ते तिथे आपल्या उजव्या हाताला बसलेलं असतं. नवीन पोरगं महिनाभर यात गोंधळतं. माझा हात आपोआप चालायचा. प्रुफात डावीकडे खूण दिसली की माझा चिमटा शिशात उजवीकडे जाई. विचार करावा लागत नसे, आणि घात त्यातच झाला.

मला दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी थोरली. एका वर्षी मार्चमध्ये ती दहावीला बसली आणि एकट्या इंग्रजीत गेली. बाकीचे विषय निघाले, गणितसुद्धा निघालं. तिला जळगावला नर्सबाईंच्या कोर्सला जायचं होतं. आमच्या गल्लीत एक नर्सबाई राहायच्या. नवरा वारलेला, स्वतःच्या पगारावर दोन लेकरं वाढवली, आणि कुणाच्या दारात उभ्या राहिल्या नाहीत. मुलगी त्यांच्याकडे जाऊन बसायची. त्यांनीच तिला सांगितलं होतं, दहावी पास हो, बाकी फॉर्म मी भरून देते.

नापास झाल्याचं कळताच पाचोऱ्याहून माझा मेहुणा आला. येताना स्थळ घेऊनच आला.

"दाजी, पोऱ्या चांगला शे. जिनिंगवर कामले शे, घरनी शेती शे. आते काय डाक्टर करनं शे का तिले?"

मी म्हटलं, ऑक्टोबरला पुन्हा बसेल. पास झाली तर कोर्स करेल. नाही झाली तर तुझं स्थळ.

"मंग लिखी ठेवा," तो हसून म्हणाला. "ऑक्टोबरना निकाल लागना का मी परत येस."

मुलगी दाराच्या आड उभी राहून ऐकत होती. त्या दिवसापासून तिच्यापुढे दोनच रस्ते होते आणि मध्ये इंग्रजीचा एक पेपर होता.

पावसाळ्यात देवपूरचे एक प्राध्यापक हस्तलिखित घेऊन छापखान्यात आले. पुस्तक दहावीच्या मुलांसाठी होतं. आपली खेड्यातली मुलं इंग्रजी लिहिताना ज्या ठराविक चुका करतात, त्या एका बाजूला, आणि तेच वाक्य कसं लिहायचं ते दुसऱ्या बाजूला. पानंच्या पानं अशी दोन रांगांत. मालकांनी कॉपी माझ्यापुढे ठेवली. प्राध्यापकांनी माझं शिक्षण विचारलं. मी सांगितलं.

"चौथी!" ते मालकांकडे वळून हसले. "उत्तम झालं. इंग्रजी येणारा असता तर माझी चुकीची वाक्यं दुरुस्त करून बसला असता."

मालकही हसले. मी खाली मान घालून खिळे लावत राहिलो. चेष्टा होती, मला कळत होतं. पण मनाशी ठरवलं, ह्या माणसाला आयुष्यात काही विचारायचं नाही.

पहिली चार पानं जुळवून दगडावर आवळली, तेव्हा मालक बघायला आले. त्यांनी शिशावर बोट ठेवलं. "नाना, ही उजव्या हाताची रांग आहे ना, ही सगळी चुकीची वाक्यं. मुद्दाम चुकीची. प्रूफ तपासताना कुणी काही म्हटलं तरी हिला हात लावायचा नाही."

उजवी चूक, डावी बरोबर. माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं.

पुस्तक दोन रंगांत निघणार होतं. आतला मजकूर काळ्यात, आणि प्रत्येक रांगेच्या डोक्यावर 'अशुद्ध' आणि 'शुद्ध' हे शब्द लाल शाईत. आमच्या ट्रेडल मशीनवर एका वेळी एकच रंग निघे. म्हणून आधी सगळी पानं काळ्यात काढून घ्यायची आणि लाल शब्द शेवटी एकदम. प्रस्तावनाही शेवटीच. त्यामुळे दोन महिने छापखान्यात जे ताव निघत होते त्यांच्यावर रांगा होत्या, मथळे नव्हते; माझ्यापुढच्या हस्तलिखितातही रांगांवर काही लिहिलेलं नव्हतं.

मशीन लावताना सुरुवातीचे काही ताव खराब जातात. शाई कमी-जास्त होते, कागद तिरका बसतो. ते मी रोज घरी नेऊ लागलो. मुलीपुढे टाकले आणि म्हटलं, "घे. बाजारात यायच्या आधी तुझ्या हातात. धुळे जिल्ह्यात कुणाकडे नाही."

ती किती हरखली! तिचं नि माझं बोलणं अहिराणीतच व्हायचं, पण ते इथं जरा सोपं करून लिहितो. तिनं विचारलं, "आबा, यातलं कोणतं बरोबर?"

मी कागद हातात न घेताच सांगितलं, "उजवीकडचं चूक, डावीकडचं बरोबर."

एवढ्यावर मी थांबलो नाही. छापखान्यातून निळी पेन्सिल आणली आणि प्रत्येक तावावरची उजवी रांग वरपासून खालपर्यंत खोडून टाकली. चुकीचं वाचलं की तेच डोक्यात बसतं, डोळा तिकडे जायलाच नको, म्हणून. रोज कामावरून आलो की हातपाय धुवायच्या आधी पेन्सिल काढून खोडायला बसत असे. मला त्यात फार समाधान वाटायचं. दोन्ही पोरं शेजारी बसून बघायची.

चौथ्या-पाचव्या दिवशी ती म्हणाली, "आबा, यात 'डिस्कस्ड अबाउट' दिलं आहे. आमच्या बाईंनी 'अबाउट' लावू नका म्हणून सांगितलं होतं. आणि हे 'मॅरीड विथ'. बाई म्हणायच्या, 'मॅरीड टु'."

"बाई किती शिकल्या?"

"बीए, बीएड."

"आणि हे लिहिणारा कॉलेजात शिकवतो. मोठा कोण?"

"तसं नाही आबा. तुम्ही त्या सरांना एकदा विचारून या ना. छापखान्यात येतात ना ते?"

मी तिच्याकडे पाहिलं. "मी विचारू? त्याला?"

बायको चुलीपुढून म्हणाली, "पोर म्हनी राहिनी तर इचारी ल्या एकदाव. तुमनं काय जास?"

माझं काय जाणार होतं ते तिला कुठून कळणार! मी म्हटलं, "बाई पुस्तक शिकवते. मी पुस्तक बनवतो. माझ्या हाताखालून एकेक अक्षर गेलं आहे."

मुलीनं तिची शाळेची वही आणली. बाईंनी फळ्यावर लिहून दिलेली वाक्यं तिनं नीट उतरवून घेतली होती, खाली लाल रेघा मारलेल्या. ती मला ताव आणि वही जवळ धरून दाखवत होती. मला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. मी ते पान वहीतून फाडलं आणि चुलीत टाकलं.

त्यानंतर तिनं काही विचारलं नाही. पाठ करायला लागली. सकाळी पाणी भरताना, भांडी घासताना तिचे ओठ हलत असत. मला बरं वाटायचं. नर्सबाई एकदा दारावरून जाताना म्हणाल्या, "नाना, लेक तर फार मनावर घेऊन करते आहे." मी म्हटलं, "मी स्वतः शिकवतो तिला."

ऑक्टोबरचे पेपर सुरू झाले होते, इंग्रजीच्या पेपराला तीन दिवस राहिले होते, तेव्हा लाल मथळ्यांचं काम माझ्याकडे आलं. 'अशुद्ध' आणि 'शुद्ध' हे दोन शब्द मी ठळक खिळ्यांत जुळवले, चौकटीत बसवले. शिशात 'अशुद्ध' उजव्या हाताला, 'शुद्ध' डाव्या हाताला. मालकांनी सांगितलं होतं तसंच. चौकट आवळून तो फर्मा मशीनवर चढवला, लाल शाई दिली, आणि काळ्यात छापून झालेला एक ताव नमुन्यासाठी घातला.

ताव काढून हातात धरला. 'अशुद्ध' डाव्या रांगेवर पडलं होतं.

मला वाटलं, शब्द उलटे बसले. मी मशीन थांबवलं, फर्म्यात पुन्हा पाहिलं. शिशात 'अशुद्ध' उजवीकडेच होतं. तेवढ्यात मालक आले, माझ्या हातातला ताव घेऊन उजेडाकडे धरला. "झकास पडलंय. डावीकडे अशुद्ध, उजवीकडे शुद्ध. घे काढून सगळे."

मी उभाच राहिलो. मालक म्हणाले, "काय झालं नाना? शाई कमी वाटते का?"

मी म्हटलं, "नाही. ठीक आहे."

आणि मी ताव काढत राहिलो. संध्याकाळपर्यंत काढले. प्रत्येक ताव वर आला की लाल अक्षरं डोळ्यापुढे येत. एवढे दिवस शिशात बघून बघून मी घरी कागदाबद्दल शिशातलं सांगितलं होतं. जो हात दिवसातून शंभर वेळा ती अदलाबदल आपोआप करायचा, त्यानं घरी ती केली नव्हती. जी वाक्यं बरोबर होती ती सगळी मी माझ्या हातानं निळ्या पेन्सिलीनं खोडली होती.

पांझरेचा पूल ओलांडताना मी ठरवलं होतं की घरी गेल्या गेल्या सांगायचं. तीन दिवस आहेत. पोरगी हुशार आहे, उलटून पाठ करेल. नाहीतर बाईंकडे जाईल. वही फाडली असली तरी बाई आहेतच.

घरी मेहुणा येऊन बसला होता. खाटेवर मांडी घालून चहा पीत होता. मुलगी त्याच्यापुढे उभी राहून वाक्यं म्हणून दाखवत होती, घडाघडा, न अडखळता. बायको कौतुकानं ऐकत होती.

मला बघून मेहुणा म्हणाला, "या दाजी! तुम्ही सोता चौथी शिकेल, आन पोरले इंग्रजी शिकाडी राहिनात?"

धाकटी पोरं हसली. बायकोसुद्धा तोंडाला पदर लावून हसली.

"हसू नका," मी म्हटलं. "पुस्तकाचं एकेक अक्षर माझ्या हाताखालून गेलं आहे. तिला जे सांगितलं ते पक्कं आहे."

हे माझ्या तोंडून निघालं. तासाभरापूर्वी मी पुलावर होतो, आणि आता असं बोलून बसलो.

मुलगी म्हणाली, "आबा, बठ्ठं, अगदी सगळं पाठ झालं. आता कुठूनही विचारा."

मी हातपाय धुवायला गेलो.

मेहुणा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेला. अजून दोन दिवस होते. घरात मी होतो, ती होती, आणि कुणी हसणारं नव्हतं. तरी मी बोललो नाही. मनाला सांगितलं, आता सांगितलं तर पोरीचा गोंधळ होईल, आहे तेही विसरेल. इंग्रजीचा पेपर म्हणजे काही एवढंच नसतं, पत्र असतं, निबंध असतो, उतारा असतो. त्यात निघेल. असं मी स्वतःला दोन दिवस सांगत राहिलो. ते खरं नव्हतं. मला तिच्यापुढे, बायकोपुढे, उद्या मेहुण्याच्या कानावर जाईल तेव्हा त्याच्यापुढे, उलटं शिकवणारा अडाणी व्हायचं नव्हतं.

पेपराच्या दिवशी ती पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पेपर देऊन आली तेव्हा तोंड उतरलेलं नव्हतं. "वाक्यं सुधारा असा प्रश्न होता," ती म्हणाली. "आपल्या तावातलीच चार-पाच आली होती. सगळी लिहिली."

निकाल थंडीत लागला. इंग्रजीत पुन्हा गेली, थोडक्या मार्कांनी. ते मार्क त्याच प्रश्नातले होते की दुसऱ्या कुठले, हे कुणीच सांगू शकत नाही. मी पुष्कळदा स्वतःला तेही सांगून पाहिलं आहे.

ती रडली नाही. नर्सबाईंकडे जाऊन आली, मग ताव गोळा करून आईला चुलीसाठी दिले. मेहुणा शब्दाप्रमाणे आला. मीही शब्द दिला होता. उन्हाळ्यात पाचोऱ्याला लग्न झालं. पत्रिका मीच जुळवली, मराठीत. इंग्रजीतही काढू का, मालक म्हणाले. मी नको म्हटलं.

जावई वाईट नव्हता, पण कापसाची जिनिंग मिल बंद पडली आणि तो पिऊ लागला. शेती भावांत वाटली गेली. माझी मुलगी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागली. सणाला आली की तिच्या बोटांना बोंडांचे ओरखडे दिसत. गल्लीतल्या नर्सबाई तोपर्यंत मोठ्या हुद्द्यावर गेल्या होत्या. त्या भेटल्या की मी रस्ता बदलत असे.

मग ऑफसेटची छपाई आली, खिळे लागेनासे झाले. मालकांनी शिसं वितळवायला देऊन टाकलं, केसची घरं रिकामी झाली. मला म्हणाले, नाना, आता घरी आराम करा. घरी बसल्यावर माणसाला मागचं सगळं आठवायला लागतं. एका दिवाळीनंतर मी एसटीत बसलो आणि पाचोऱ्याला गेलो. बायकोला सांगितलं, पोरीला बघून येतो.

ती भाकरी थापत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी भिंतीला टेकून बसलो आणि इकडचं तिकडचं न बोलता सांगून टाकलं. "ते ताव मी तुला उलटे सांगितले होते. मी शिशातली बाजू सांगितली."

तिच्या हाताची थाप थांबली नाही. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी इथल्या एका मास्तरांच्या घरी ते पुस्तक पाहिलं. वर लाल अक्षरात लिहिलेलं होतं."

"मग बोलली का नाही?"

"काय बोलू आबा? तुम्हाला इंग्रजी येत नव्हती. चूक झाली. तुम्ही काय मुद्दाम केलं? दिवसभर उभं राहून घरी यायचे, हात काळे असायचे, तसेच माझ्यासाठी कागद घेऊन बसायचे. कुणाचा बाप बसतो?" भाकरी तव्यावर टाकून तिनं पाण्याचा हात फिरवला. "मामा अजून हसतो. मी त्याला सांगते, माझ्या बापानं शिकवलं होतं मला."

इथं मी गप्प बसलो असतो तर सगळं नीट झालं असतं. मी उठायच्या बेतातही होतो. तेवढ्यात तिनं सहज विचारलं, "तुम्हाला कधी कळलं? पुस्तक बाजारात आल्यावर?"

हो म्हणायला एक अक्षर लागलं असतं. पण आयुष्यभर मी ताठ मानेनं जगलो, कुणाचं खोटं ऐकून घेतलं नाही. तिच्यापुढे खोटं बोलणं मला जमलं नाही. हा चांगुलपणा होता की तोही माझा गर्वच, हे मला अजून ठरवता येत नाही.

मी म्हटलं, "पेपराच्या तीन दिवस आधी."

तिनं वळून पाहिलं. तवा तापलेला होता. भाकरीचा वास आला, मग करपल्याचा वास आला, तरी तिनं ती उलटली नाही.

"मामा आला होता, त्या दिवशी?"

"हो."

"मी बठ्ठं पाठ झालं म्हटलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

तिनं करपलेली भाकरी काढून बाजूला टाकली. दुसरी थापली, भाजली, ताट वाढलं, भाजी वाढली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. मी जेवलो. न जेवता उठणं मला शोभलं नसतं, असं तेव्हा वाटलं. निघताना तिनं सांगितलं की बस पावणेतीनला आहे. स्टँडपर्यंत आली नाही. एरवी यायची.

अजूनही ती सणाला येते. आईशी बोलते, भावांच्या लेकरांना मांडीवर घेते. मला "जेवलात का" विचारते आणि मी "हो" म्हणतो. कधी मी जेवलेलो नसतो, तरी तेच म्हणतो.